राखायला दिलेली रेषा

शनिवारी सकाळी व्हिक्टर कार्लोविचच्या गॅरेजात पाय ठेवायला जागा नसते. बिश्केकमध्ये ज्याच्या डोक्यात सायकलचा किडा शिरलाय तो शनिवारी इथे उगवतोच. काम असो नसो, टायरांच्या चळतीवर बूड टेकून चहा ढोसत बसतो आणि दुसऱ्याच्या सायकलला नावं ठेवतो. म्हातारा सोव्हिएत काळात शर्यतीच्या सायकली सांभाळायचा. आता सत्तरी ओलांडली तरी पोलादाच्या नळ्या कापून, सांधून वर्षाला चार-पाच फ्रेमा तयार करतो, आणि ज्याचं थोबाड आवडत नाही त्याला तोंडावर नाही म्हणतो.

त्या शनिवारी सगळ्यांना एकच विषय पुरला होता: वीस जुलैची डोंगरातली शर्यत. सहाशे किलोमीटर, पाच खिंडी, दीडशेच्या वर सायकलवाले, त्यातले निम्मे परदेशी. मार्ग आदल्याच संध्याकाळी जाहीर झाला होता, आणि आता टायर किती रुंद हवा, मागच्या चक्राला किती दाते हवेत, यावरून हमरीतुमरी चालली होती.

तिलेक नावाचा बँकेतला एक गुबगुबीत गडी नवी कोरी कार्बनची सायकल घेऊन आला होता. म्हाताऱ्याने तिच्यावर टिचकी मारून आवाज ऐकला आणि तोंड वाकडं केलं.

"दगडावर आपटली की संपली बघ ही. पोलाद मोडलं तर कोचकोर गावचा ट्रॅक्टरवालासुद्धा वेल्डिंग करून देतो. हिला काय करशील? फुंकर घालशील?"

"मी आपटणारच नाही, व्हिक्टर कार्लोविच."

"तू नाही रे बाबा. डोंगर आपटेल."

सगळे खो खो हसले. कोपऱ्यात नुरझादा मागच्या चाकाचा आउट काढत बसली होती, तीही हसली. नुरझादा त्रेचाळीस वर्षांची, दातांच्या कवळ्या बनवणारी. हात इतका हलका की एकेक आरी पाव फेरा पिळून ती चाक सुतासारखं सरळ करायची. पण गॅरेजात तिला मान होता तो वाटांसाठी. नकाशावर नसलेल्या, गुराखीसुद्धा विसरलेल्या वाटा ही बाई एकटी जाऊन शोधून यायची.

तिलेकने फोन तिच्या नाकासमोर धरला. थोरल्या बाईला इथे 'एजे', म्हणजे ताई, म्हणतात. "नुरझादा एजे, तुम्ही जाणकार. हे बघा ना. कारा-बुलाकच्या खोऱ्यात मार्ग चांगला सरळ चाललाय, आणि मधेच डावीकडे सटकतो, पाणथळीला वळसा घालतो, कुणाच्या तरी तंबूपाशी जातो आणि पुन्हा होता तिथेच येतो. चारशे मीटरचा फुकटचा हेलपाटा. कशासाठी?"

नुरझादाने पाहिलं आणि तिच्या हातातली आऱ्यांची चावी खाली पडली.

कशासाठी ते जगात एकटी तीच सांगू शकत होती. गेल्या सप्टेंबरात ती त्या खोऱ्यात एकटी गेली होती. झऱ्यापाशी बसून पिशवी सोडली, तर कुठून तरी एक केसाळ कुत्रं आलं आणि भाकरीची पिशवी तोंडात धरून पसार झालं. तीन दिवसांचं खाणं! सायकल तिथेच टाकून नुरझादा शिव्या हासडत त्याच्यामागे धावली, पाणथळीला वळसा घालून थेट एका लोकरी नमद्याच्या तंबूपर्यंत. वाट टिपणारं यंत्र तिच्या खिशात चालूच होतं. ते बिचारं प्रामाणिक. त्याने कुत्र्यामागची धावही रेषेत ओढली. आणि आता दीडशे माणसं हजारो किलोमीटरवरून येऊन, छातीवर नंबर लावून, नसलेल्या कुत्र्याच्या मागे धावणार होती.

दुसरी कुठलीही वेळ असती तर ती हसून हसून लोळली असती. पण ती रेषा तिने या जगात एकाच माणसाला दिली होती.

"मार्ग कुणी काढला म्हणून लिहिलंय?" तिने विचारलं.

"म्हणजे काय, तुम्हाला माहीत नाही?" तिलेक भाबडेपणाने म्हणाला. "आपल्या चिनारा एजेंनी! मार्गप्रमुख केलंय त्यांना. हा बघा फोटो. मला वाटलं तुमच्याच घरात पार्टी झाली असेल."

म्हातारा कानशीला तेल लावण्याच्या निमित्ताने पाठ फिरवून उभा राहिला.

चिनारा आणि नुरझादा ही जोडगोळी शहरातल्या सगळ्या सायकलवाल्यांना ठाऊक होती. बारा वर्षांची मैत्री. सुटे भाग चिनाराचे, वाटा नुरझादाच्या, अशी त्यांची वाटणीच होती. कुठला ब्रेक थंडीत आखडतो, कुठली चेन वाळूत टिकते, सीट काडेपेटीच्या जाडीइतकी वर केली तर गुडघा दुखायचा थांबतो, हे चिनाराने सांगावं आणि नुरझादाने डोळे मिटून मानावं. नुरझादाच्या हिरव्या फ्रेमची मापं चिनारानेच घेतली होती. नुरझादाने नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा चार महिने ती चिनाराच्याच घरी राहिली होती, आणि तेवढ्या दिवसांत चिनाराने 'आता पुढे काय?' हा प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

आणि ही रेषेची गोष्ट तर मैत्रीच्याही पलीकडची. डोंगरात एकट्याने जाणाऱ्यांची इथे एक रीत आहे. निघताना आपली रेषा एका माणसाकडे ठेवून जायचं, एकाच. तुम्ही जाल तशी ती उपग्रहामार्फत त्याच्याकडे उमटत राहते. ठरल्या दिवशी तुमचा फोन आला नाही, तर त्या माणसाने त्या रेषेवरून तुम्हाला शोधत यायचं. ती रेषा तो कुणाला दाखवत नाही, स्वतः त्या वाटेने जायचं तरी आधी विचारतो. राखायला दिलेली वस्तू ती. सहा वर्षांपूर्वी तोसोरच्या खिंडीत नुरझादा गळ्याचं हाड मोडून पडली होती, तेव्हा चिनारा घोडेवाल्याला घेऊन याच रीतीने तिच्यापर्यंत पोचली होती. नाहीतर नुरझादा आज कवळ्या बनवायला उरली नसती.

पण त्या हेलपाट्याच्या दुसऱ्या टोकाला, तंबूत, उलकान आपा होती. म्हातारीने कुत्र्याला धपाटा घालून पिशवी परत केली होती, घोडीच्या दुधाचं आंबट कुमिस पाजलं होतं, आणि निघताना नुरझादाचा हात धरून म्हटलं होतं: "तू ये. कधीही ये. पण लोकांना आणू नकोस, पोरी. या झऱ्यावर माझ्या घोड्या शिंगरं वाढवतात. गाड्या आल्या की ही पाणथळ मेली, आणि पाणथळ मेली की आम्ही उठलो इथून." नुरझादाने शब्द दिला होता. हेसुद्धा तिने चिनाराला सांगितलं होतं. चिनारालाच.

फोनवर, त्या झऱ्याच्या जागी एक निळा थेंब काढला होता. खाली लिहिलं होतं: पाणी, जेवण आणि मदतीच्या गाड्यांचा थांबा.

नुरझादाने चाक तसंच शिकंज्यात सोडलं आणि ती निघाली.

चिनाराचं औषधांचं दुकान दोन चौक पलीकडे होतं. काउंटरवर एक आजोबा गुडघ्याला चोळायचं मलम निवडत होते, आणि चिनारा त्यांना शांतपणे दोन मलमांतला फरक समजावत होती. नुरझादाकडे तिने एकदाच पाहिलं. त्या एका नजरेत सगळं कळलं; म्हणजे तिलाही आणि हिलाही.

"तू दिलीस?" नुरझादा म्हणाली.

"आजोबा, हे रात्री लावा, वर लोकर गुंडाळा." चिनाराने पिशवी बांधली. "मी सांगणारच होते तुला."

"कधी? एकवीस जुलैला?"

"आवाज चढवू नकोस, दुकान आहे."

"दुकानच मांडलंयस गं तू! बाई, माझ्या मरणाची सोय म्हणून दिली होती ती रेषा तुला. तू ती बाजारात नेलीस!"

आजोबा मलम घेऊन उभेच राहिले होते. असं काही औषधाच्या दुकानात रोज फुकट बघायला मिळत नाही. चिनाराने त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि कडी लावली. वळली तेव्हा तिचेही डोळे पेटले होते.

"वाट काय तुझ्या बापाची आहे? शंभर वर्षं गुराखी चालतायत तिच्यावरून. तू फक्त सायकल नेलीस."

"वाट नाही माझ्या बापाची. शब्द माझा होता."

"तुझा शब्द, तुझी वाट, तुझं नाव! आणि मी कोण? बारा वर्षं मी फोन उशाशी घेऊन झोपले. तू डोंगरात मजा मारायचीस आणि मी इथे तुझा ठिपका हलतोय का ते बघत बसायचे. तोसोरला तुला उचलून आणलं ते कुणी? सगळे म्हणाले, वा नुरझादा, काय धाडस! मला कुणी विचारलं? पहिल्यांदा कुणीतरी माझं नाव कशावर तरी लिहिलं. पहिल्यांदा!"

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच नुरझादाच्या अंगाचा तिळपापड झाला. "मग मागायचं होतंस! दहा वाटा दिल्या असत्या. हीच का? जिथे मी म्हातारीला शब्द दिला होता, नेमकी तीच?"

"तीच सगळ्यात सुंदर आहे म्हणून," चिनारा म्हणाली. मग जरा खालच्या आवाजात, "आणि मी काही चोरून नाही केलं. जूनच्या सुरुवातीला गाडी करून वर गेले. तुझ्या म्हातारीला रीतसर विचारलं. ती हो म्हणाली."

"उलकान आपा? ती मंत्री आला तरी हो म्हणणार नाही."

चिनारा काउंटरवरची खोकी एकावर एक रचू लागली. मुळात ती रचलेलीच होती.

"काय सांगितलंस तिला?"

चिनाराने वरचं खोकं उचलून पुन्हा तिथेच ठेवलं.

"चिनारा. काय सांगितलंस?"

"तुझं नाव सांगितलं. म्हटलं, नुरझादाने पाठवलंय, नुरझादाची इच्छा आहे." ती एकदम वर बघून म्हणाली, "मी काय परकी आहे का गं? तुझं नाव घ्यायचाही हक्क नाही मला?"

रेषा चोरली हे नुरझादाला एक वेळ पचलं असतं. भांडून, शिव्या घालून, सहा महिने अबोला धरून पचलं असतं. पण हे म्हणजे केसाने गळा कापणं होतं. त्या खोऱ्यात आता लबाड चिनारा ठरणार नव्हती. तिथे नुरझादाच लबाड ठरली होती, आणि तिला पत्ताही नव्हता.

ती कडी काढून बाहेर पडली. बाहेरूनच तिने शर्यतवाल्यांच्या कचेरीत फोन लावला. तिथला माणूस सभ्य होता. तो म्हणाला, तिथल्या कुटुंबाची हरकत असेल तर आम्ही मार्ग डांबरी रस्त्याने वळवू, आमचा नियमच आहे. पण मॅडम, आमच्याकडे त्यांचा होकार आहे, आणि तोही तुमच्याच ओळखीवर मिळालाय. ते नाही म्हणाले तर तसं कळवा, वीस दिवस आहेत.

कारा-बुलाकमध्ये फोन लागत नाही. सोमवारी पहाटेच्या मिनीबसच्या टपावर सायकल बांधून नुरझादा कोचकोरला उतरली आणि तिथून चाळीस किलोमीटर चढ चढत गेली. एरवी चढावर ती स्वतःशी गाणी म्हणायची. त्या दिवशी तिच्या डोक्यात चिनाराशी भांडण चालू होतं, आणि प्रत्येक वळणावर तिला आणखी एक झणझणीत वाक्य सुचत होतं. दुकानात का नाही सुचली मेली ही वाक्यं?

दुपारी ती झऱ्यावर पोचली. झऱ्यावर एकही घोडी नव्हती. शिंगरं बांधायचा दोर गुंडाळून ठेवला होता. गवत पोटरीपर्यंत वाढलेलं, आणि त्यात कुणीतरी लाल फडकी बांधलेले खुंट ठोकून ठेवले होते, गाड्या लावायच्या जागेसाठी.

"नुरझादा! अगं, ये ये!" उलकान आपा तंबूबाहेर येऊन हात हलवत होती. जवळ येताच तिने हिचे गाल दोन्ही हातांत धरले. "वाळलीस किती! सायकल खाते वाटतं तुला."

"आपा, घोड्या कुठायत?"

"वर. दगडांच्या अंगाला." म्हातारीने डोंगराकडे हनुवटी उडवली. "तुझे पाहुणे येणार म्हणून मोकळी केली जागा. तिथे गवत नाही फारसं, पाणीही लांब आहे. शेरबेक माझ्यावर चिडलाय. म्हणतो, आई, तू कधी कुणाला जागा दिली नाहीस, यांनाच का? मी म्हटलं, नुरझादाने मागितलीय. ती उगीच मागणार नाही." मग सहज सांगावं तसं म्हणाली, "एक शिंगरू गेलं चढताना. दगडांत पाय अडकून मोडला. पांढऱ्या कपाळाचं होतं. असो. तू आत चल."

नुरझादा आत गेली नाही. तिथेच गवतात उभं राहून तिने सगळं सांगून टाकलं: रेषा कुणाकडे ठेवली होती, का ठेवली होती, कुत्र्यामागची धाव फोनवर कशी दिसली, आणि आपण कुणालाही पाठवलं नव्हतं. सांगताना तिची जीभ अडखळत होती. प्रत्येक वाक्यागणिक म्हातारीच्या चेहऱ्यावरचं हसू थोडं थोडं मावळत गेलं, आणि ते बघवेना.

उलकान आपा वर दगडांकडे बघत राहिली. शेवटी तिने विचारलं, "म्हणजे माझं शिंगरू फुकट गेलं?"

"हो, आपा."

"हं." तिने डोक्याचा रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधला. "आता नीट ऐक. मी मार्गाला हो म्हटलं नाही, शर्यतीला हो म्हटलं नाही. ती बाई माझ्यासमोर बसून म्हणाली, मी नुरझादाची बहीण. एका आईची नाही, पण बहीणच. मी शब्द दिला तो तुझ्या बहिणीला. तुमच्या घरात कोण कोणाशी खोटं बोललं, ते तुमचं तुम्ही निस्तरा. बहिणीला दिलेला शब्द मी मागे घेत नाही. शिंगरू गेलं तरी नाही."

"पण आपा—"

"थांब. पण ती तुझी कुणी नसेल, तर मी शब्द दिला एका चोराला. चोराला दिलेला शब्द वाऱ्यावर. आत्ता शेरबेकला हाक मारते, संध्याकाळपर्यंत घोड्या खाली येतील, आणि तुझ्या शर्यतवाल्यांना जाऊन सांग, म्हातारी नाही म्हणते. मग मीही खालच्या गावात सगळ्यांना हेच सांगणार, आणि ती पुन्हा या अंगाला आली तर तिला पाणीही मिळणार नाही." म्हातारीने तिच्या डोळ्यांत रोखून पाहिलं. "तेव्हा तू सांग. मी तुझंच ऐकते. बहीण आहे का ती तुझी?"

इतकी वाक्यं सुचली होती चढावर! त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं. इथे एकच शब्द लागणार होता. नुरझादाला शिवी आठवेना, फसवणूक आठवेना. आठवलं काय, तर तोसोरच्या खिंडीतल्या बर्फात गुडघ्यावर बसलेली चिनारा, नाक लाल, आणि हिच्या गळ्याचं हाड स्वतःच्या शालीने बांधत 'मेलीस तर याद राख' म्हणून रडणारी. बहीण नव्हती तर काय होतं ते? सख्ख्या बहिणीने तरी एवढं केलं असतं?

वरच्या दगडांतून एक घोडी खिंकाळली. तिला ओ द्यायला शिंगरू नव्हतं.

"नाही," नुरझादा म्हणाली. "माझी कुणी नाही ती."

"खरं?"

"खरं."

म्हातारीने तोंडाभोवती हातांची ओंजळ धरून डोंगराकडे हाक दिली. वर कुठेतरी शेरबेकची शीळ वाजली, कुत्रं भुंकत पळालं, आणि जरा वेळाने घोड्या एकामागून एक दगडांतून उतरू लागल्या. शिंगरं गवत दिसताच आयांना मागे टाकून धावली. उलकान आपा झऱ्याकडे चालत गेली आणि लाल फडक्यांचे खुंट एकेक करून उपटू लागली. सगळे काखेत मारून ती परत आली, तेव्हा नुरझादा सायकलशेजारी खालीच बसली होती, गुडघ्यांत डोकं घालून, आणि तिची पाठ गदगदत होती.

म्हातारी तिच्यासमोर उभी राहिली. तिने खुंट खाली टाकले.

"कुणी नाही म्हणालीस ना?" ती म्हणाली. "मग एवढी रडतेस कुणासाठी?"